माईणकर सरांचं परीक्षण

माईणकर सर आमच्या ऑफिसचा जिना चढून वर आले तेव्हा मी एकटीच होते. सुबोध जाहिरातींसाठी मिरजेला गेला होता. ऑफिस म्हणजे सांगलीच्या गावभागात एका बाइंडिंगवाल्याच्या दुकानावरची खोली. जिना लाकडी, उभा, कठडा एकाच बाजूला. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं भर दुपारी तो चढून यावं असं काही कारण मला सुचेना.

"सर, फोन करायचात. मी आले असते की घरी."

"घरी मंजिरी असते," ते म्हणाले आणि सुबोधच्या खुर्चीत बसले. धाप लागली होती. मी पाणी दिलं. ते त्यांनी घोट घोट करत संपवलं आणि पेला टेबलावर ठेवून भिंतीवरच्या जुन्या पोस्टरांकडे बघत राहिले.

माईणकर सर आम्हाला शाळेत मराठी शिकवायला होते. मला आणि त्यांच्या मुलीला, मंजिरीला; आम्ही एकाच वर्गात. शाळा सुटली की ते 'कृष्णाकाठ कलामंडळ' चालवायचे. नाटक बसवायचे, स्वतः काम करायचे, आणि आम्हा पोरींना तालमीला बसू द्यायचे. मी कधी स्टेजवर उभी राहिले नाही. पण नाटक बघायचं कसं, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढं वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी आणि सुबोध आवटीनं 'चौथी रांग' सुरू केलं, तेव्हा पहिली वर्गणी त्यांनीच भरली होती.

'चौथी रांग' हे दर रविवारी सकाळी ईमेलनं जाणारं वार्तापत्र. सांगली, मिरज, कोल्हापुरात त्या आठवड्यात काय झालं, कुणाचं गाणं रंगलं, कुठलं नाटक बघावं, कुठलं टाळावं. नाव सुबोधनं ठेवलं, कारण मी कायम चौथ्या रांगेत बसते. ईमेल वाचायला कोण पैसे देणार म्हणून सगळे हसले होते. पण लोक देत होते. थोडे होते, तरी टिकून होते. जी म्हातारी माणसं ईमेल उघडत नसत त्यांना सुबोध कागदावर छापून नेऊन द्यायचा. आमचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं की, आम्ही खोटं लिहीत नाही असा लोकांचा समज होता.

"शनिवारच्या प्रयोगाला येणार आहेस ना?" सरांनी विचारलं.

"म्हणजे काय सर. तिकीट काढलंय."

"आणि लिहिणार?"

"लिहिणार."

"जसं होईल तसं लिही," ते म्हणाले. "मी आहे म्हणून सांभाळून घेऊ नकोस."

मला वाटलं, मोठी माणसं बोलतात तसं बोलतायत. मी हसून मान हलवली. ते हसले नाहीत.

"हेमांगी, मी विसरायला लागलोय. नाटकातली वाक्यं जातात ते सोड, ती कुणाचीही जातात. मागच्या महिन्यात मी गणपती मंदिरापाशी उभा होतो आणि घर कुठल्या अंगाला ते मला कळेना. जन्म गेला या गावात. मिरजेच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आलो. त्यानं सांगितलं ते मला आधीच कळलं होतं."

"मंजिरीला सांगितलंत?"

"विसरतो असं सांगितलं. तिनं बदाम आणून ठेवले." ते जरा थांबले. "तिची आई गेल्यापासून तिनं माझ्यासाठीच हे सगळं मांडलंय गं. नवीन नाटक लिहून घेतलं, स्वतः नाटकातही माझ्या मुलीचं काम करतेय. सांगलीनंतर कराड, सातारा, मग पुणे. मी नको म्हटलं की म्हणते, अण्णा, तुम्ही दहा वर्षं असंच म्हणताय. मी स्टेजवर आहे तोवर मला काही होत नाही असं तिच्या मनानं घेतलंय. तिला मी डॉक्टरचा कागद दाखवू शकतो. पण मग मी पेशंट होतो. आज झालो की कायमचा."

"मग मी काय करू सर?"

"तू लिही. तुझं लिहिलेलं गाव वाचतं, तीही वाचते. नटानं वाईट परीक्षणामुळं खाली उतरावं. डॉक्टरच्या कागदामुळं नव्हे." ते उठले. "आणि मी येऊन गेलो हे कुणाला सांगायचं नाही. सुबोधलाही नाही. मी सांगितलं म्हणून लिहिलंस असं झालं तर त्याला काय अर्थ राहिला?"

मी त्यांना जिना उतरवून रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याला पत्ता मीच सांगितला. त्यांनी तो सांगू दिला.

शनिवारी नाट्यगृह भरलं होतं. निम्मं गाव सरांचं विद्यार्थी. नाटक एका निवृत्त स्टेशनमास्तरचं होतं. त्याची नोकरी संपलीय, पण तो रेल्वेची खोली सोडायला तयार नाही, आणि मुलगी त्याला न्यायला आलीय. मंजिरीनं संहिता मला आधीच वाचायला दिली होती.

पहिला अंक चांगला झाला. चांगला म्हणजे, मी ऑफिसातली ती दुपार विसरून गेले इतका चांगला. दुसऱ्या अंकात स्टेशनमास्तर हातात कंदील घेऊन मुलीला सांगतो की, इथं न थांबणाऱ्या गाडीलाही हिरवा दिवा दाखवायला माणूस उभा राहावाच लागतो. ते बोलताना सरांचा आवाज खाली खाली येत गेला आणि सगळं नाट्यगृह पुढं सरकून ऐकायला लागलं. मग पुढचं वाक्य आलं नाही. सर कंदील धरून उभे. त्यांनी सावकाश मान वळवून मंजिरीकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "बाई, आपण कोण?"

क्षणभर काहीच हललं नाही. मग टाळ्या पडल्या. कुणीतरी मागं हुंदका दिला. बापानं लेकीला विचारलेला तो प्रश्न नाटकात इतका चपखल बसला होता की, तो लिहिलेलाच असणार असं सगळ्यांनी धरलं.

तो संहितेत नव्हता. आणि मला चौथ्या रांगेतून मंजिरीचा चेहरा दिसत होता. तिनं पुढं होऊन सरांच्या हातातून कंदील काढून घेतला, त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि उरलेला प्रवेश एकटीनं, स्वतःची आणि त्यांची दोघांची वाक्यं बोलून, ओढून नेला. मी इतकी वर्षं नाटकं बघतेय, एवढ्या हिमतीचं काम दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही. पण ते नाटकातलं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या प्रश्नावरच मथळे होते. अंगावर काटा आणणारा क्षण, असं एकानं लिहिलं.

आमचा अंक पुढच्या रविवारी जायचा होता. सुबोधनं मजकूर वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला.

"हे तू पाठवणार?"

"हो."

"तो प्रश्न संहितेत नसेल. नटानं भर घातली, झालं. लोकांना आवडली."

"भर नव्हती ती."

"तुला कसं माहीत?"

सुबोध माझ्यापेक्षा वयानं लहान, पण स्वभावानं थोरला. तो सहसा आवाज चढवत नाही, तेव्हाही त्यानं चढवला नाही.

"हेमांगी, माणूस आयुष्यभर या गावाला नाटक शिकवत आला. आता दमलाय. तू लिहितेस, 'माईणकरांनी आता काम थांबवावं.' कशासाठी? आपण खरं लिहितो हे दाखवायला?"

"दाखवायला नाही."

"मग कारण सांग. एक कारण सांग, मी गप्प बसतो."

मला ते सांगता येत नव्हतं. सरांनी सुबोधचं नाव घेऊन बजावलं होतं. "मला असं दिसलं," एवढंच मी म्हणाले.

"मग या अंकावरून माझं नाव काढ," तो म्हणाला.

मी काढलं. रविवारी सकाळी अंक गेला तो माझ्या एकटीच्या नावानं.

दुपारपर्यंत वर्गणी बंद करा म्हणून मेल यायला लागले. काहींनी कारण लिहिलं, काहींनी नुसतं 'लाज वाटते' असं. एका जुन्या वाचकानं लिहिलं की, ज्यांनी तुला अक्षर दिलं त्यांच्यावर तू ते उगारलंस. जाहिरात देणाऱ्या दोघांनी पुढचं बघू म्हणून कळवलं. सुबोधनं आपलं नाव काढून घेतलं होतं, तरी सोमवारी येऊन एकेका मेलला सभ्य उत्तर देत बसला. माझ्याशी मात्र बोलला नाही.

मंजिरीचा फोन आला. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ती हळू आवाजात बोलली.

"तुला कळलं आणि मला कळलं. दोघींनाच कळलं होतं. ते दोघींतच राहू शकलं असतं, हेमांगी."

तिनं फोन ठेवला. पाठोपाठ पुन्हा वाजला. सर होते.

"वाचलं मी. मंजिरीनं वाचून दाखवलं. मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

आवाज कापत होता. मला आधी कळेना, मग वाटलं, मंजिरी शेजारी उभी असणार. तिच्यासाठी चाललंय हे. काय बेमालूम करतायत. खरं सांगायचं तर मला त्या अवस्थेतही कौतुक वाटलं. "सर, मी येते घरी," एवढंच मी म्हणाले.

बुधवारी गेले. दार मंजिरीनं उघडलं. हातात पिशवी होती. "अण्णा आत आहेत," ती म्हणाली. "मी कराडच्या लोकांना भेटायला चाललेय. प्रयोग ठरलाय तसाच होणार आहे." ती चपला घालून माझ्याकडे न बघता गेली.

सर आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. सुबोधनं छापून दिलेला अंक मांडीवर होता. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि मंजिरीची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत थांबले.

"सर, मंजिरी गेली," मी म्हणाले. "आता बोलू शकतो आपण."

"बोल की. तुलाच बोलायचंय. मी काय बोलणार?"

"नाही, म्हणजे आता कुणी नाही घरात."

"मग?"

ते माझ्याकडे बघत होते. राग होता, दुखावलेपण होतं, आणि त्यापलीकडे काहीही नव्हतं. ऑफिसची ती दुपार, जिना, पाण्याचा पेला, त्यातलं काहीसुद्धा त्यांच्या नजरेत नव्हतं. मी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग मला कळलं की, फोनवर ते नाटक करत नव्हते.

सांगणं सोपं होतं. सर, तुम्हीच आला होतात, तुम्हीच म्हणालात लिही. एका वाक्यात मी सुटले असते. पण ते वाक्य ऐकल्यावर त्यांना काय कळलं असतं? आपण कुणाकडे तरी जाऊन आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मागितली आणि तीच आपल्याला आठवत नाही, हे. डॉक्टरच्या ज्या कागदापासून त्यांना सुटायचं होतं तो कागद मीच त्यांच्या हातात दिला असता.

"सर, मला माफ करा," मी म्हणाले. "तुम्हाला फार दुखावलं मी."

ते बोटानं कागदाची घडी दाबत राहिले.

"तू लिहिलंयस ते खरं आहे का?"

"सर..."

"मी विचारतोय. तो प्रश्न, आपण कोण, तो नाटकात नाही असं तू लिहिलंयस. मी मंजिरीला विचारलं, ती म्हणते अण्णा, तुम्ही तो तिथंच सुचून टाकला. मला तर काही आठवत नाही. तू होतीस समोर. मी तो सुचून टाकला का?"

"नाही सर."

"मग मी काय करत होतो?"

"तुम्ही खरंच विचारत होतात."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मग ते म्हणाले, "मग माफी कसली मागतेस?"

मी त्यांच्या मांडीवरच्या अंकाकडे पाहिलं.

"खरं लिहून माफी मागायला आलीस तर वाचणाऱ्यानं काय धरायचं? लिहिलंस ते खोटं, की मागतेस ते?" आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "वाच. मंजिरी वाचताना रडत होती, मला नीट ऐकू आलं नाही. तू सरळ वाच."

मी वाचलं. आपण लिहिलेलं त्या माणसासमोर बसून वाचणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं. ते डोळे मिटून ऐकत होते. नाटकाच्या पहिल्या अंकाबद्दल चांगलं लिहिलं होतं तिथं हातानं पुढं चल अशी खूण केली. कंदिलाच्या प्रवेशापाशी आले. "'वाक्य संपलं आणि माईणकर क्षणभर थबकले,'" मी वाचलं.

"थांब," ते म्हणाले. "थबकले?"

"हो."

"थबकलेला माणूस पुन्हा चालायला लागतो. मी लागलो का?"

मी खाली बघत म्हणाले, "नाही. मंजिरीनं तुम्हाला धरून खुर्चीत बसवलं. पुढं शेवटपर्यंत तुम्ही बोललाच नाहीत."

"मग मी काय केलं?"

"थांबलात."

"मग तसं लिहायचं. आणि क्षणभर हा शब्द कुठून आला? तुला माझी दया आली म्हणून आला. सगळं नीट लिहिलंस आणि नेमकी तिथं घसरलीस. पुढच्या अंकात दुरुस्ती दे."

"सर, आता कशाला? लोक आधीच..."

"लोकांना चुकीचा शब्द गेलाय. दुरुस्ती द्यायची असते."

मी हो म्हणाले. निघताना ते दारापर्यंत आले. मंजिरी आली की तिला कराडला नको म्हणून सांगतो, असं म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून, "विसरायच्या आत सांगायला पाहिजे. तू इथं चिठ्ठी लिहून ठेव," म्हणाले. मी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मंजिरीला सांगणे: आता काम करणार नाही.' त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.

रविवारच्या अंकात पहिल्याच पानावर दुरुस्ती गेली. 'गेल्या अंकातील परीक्षणात माईणकर क्षणभर थबकले असे म्हटले होते. ते माईणकर थांबले असे वाचावे.' सुबोधनं ती दोनदा वाचली. मी काही सांगणार नाही हे आता त्याला माहीत होतं. त्यानं ती चौकटीत बसवली, आणि अंकाच्या शेवटी माझ्या नावाखाली स्वतःचं नाव टाकलं.

परीक्षणानं जे वाचक गेले नव्हते त्यांतले बरेच त्या दुरुस्तीनं गेले. पडलेल्या माणसाला आणखी एक लाथ, असं लोक म्हणत होते. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आता आठवायला नको वाटतं. मी दुपारी एका शाळेत शिकवायला लागले, सुबोध लोकांच्या वेबसाइट करून द्यायचा, आणि अंक मात्र दर रविवारी गेला. हळूहळू नवीन माणसं आली. जुन्यांतलेही काही परतले. 'चौथी रांग' अजून निघतं.

कराडचा प्रयोग झाला नाही, पुढचेही नाही. सरांचं दुखणं त्याच वर्षी मंजिरीला कळलं. गावाला मात्र ते आजारी म्हणून नव्हे तर एका आगाऊ बाईच्या परीक्षणावर रुसून घरी बसलेले नट म्हणूनच माहीत राहिले, बरीच वर्षं. लोक त्यांना भेटायला जाऊन माझ्या नावानं बोटं मोडायचे. ते ऐकून सर हसायचे म्हणे. शेवटी शेवटी ते कुणालाच ओळखत नव्हते.

मंजिरी माझ्याशी बोलत नव्हती. सर गेल्यावर पंधरवड्यानं मी तिच्याकडे गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऑफिसात आले होते ते, बदामांचं, कुणाला सांगू नको म्हणाले ते. ती चहाचा कप हातात धरून ऐकत होती. चहा गार झाला.

"परीक्षणाचं मी कधीतरी माफ केलं असतं," ती शेवटी म्हणाली. "ती दुरुस्ती मात्र नाही. मला वाटायचं, हिला एवढं कसलं वैर. एक शब्द, तो पण मऊ होता, तोही हिनं ठेवला नाही."

"तो त्यांनी काढायला लावला. मला समोर बसवून. थबकलेला माणूस पुन्हा चालायला लागतो, म्हणाले."

मंजिरीनं कप खाली ठेवला.

"तेव्हा कधी कधी त्यांना माझं नावही आठवायचं नाही," ती म्हणाली. "एखाद्या सकाळी मला आईच्या नावानं हाक मारायचे. आणि थबकणं आणि थांबणं यातला फरक..."

ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली, गार झालेले दोन्ही कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "बस. दुसरा करते."